लतिका आणि गोदामातल्या मांजरी

"पोत्यात काय आहे?"

दुर्गेशनं वळून पाहिलं. लकडगंजातल्या त्याच्या डाळीच्या गोदामासमोर स्कूटर लावून एक मुलगी उभी होती. गळ्यात मिहानमधल्या कंपनीचं ओळखपत्र, हातात जाळीचा रिकामा पिंजरा.

"मांजर आहे," तो म्हणाला. "लय झाल्या इथं. दूर सोडून येतो हिले."

"पाहू..."

लतिकानं पोत्याचं तोंड जरा सैल केलं, आत डोकावून पाहिलं आणि ते चटकन बंद केलं.

"दुधानं भरली आहे ही. हिची पिल्लं आहेत इथंच कुठंतरी. अंगावर पितात अजून. ही गेली तर उपाशी मरतील ना."

त्याचा चेहरा उतरला. "मले खरंच माहीत नव्हतं," एवढंच तो म्हणाला आणि पोतं तिथंच उघडलं. त्यानं एकही सबब सांगितली नाही, हे लतिकाला आवडलं.

मांजर तीरासारखी गोदामातल्या पोत्यांच्या थप्प्यांमागं पळाली. दोघंही जमिनीवर बसून कान देऊन ऐकत राहिले. थोड्या वेळानं आतून बारीक म्याव ऐकू आलं, मग लुचुलुचु पिण्याचा आवाज. दुर्गेशनं सुटकेचा निःश्वास सोडला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला टेकला होता... दोघांनीही खांदा हलवला नाही.

"सोडून काही होत नाही," ती हळूच म्हणाली. "जागा रिकामी झाली की दुसऱ्या येतात. नसबंदी करून इथंच राहू द्यायच्या. वाढतही नाहीत, अन् उंदीरही आटोक्यात राहतात."

"अन् हे करणार कोण?"

"मी अन् तुम्ही."

ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला नाही म्हणणं सुचलंच नाही.

मग दर रविवारी ती येऊ लागली. पिंजऱ्यात सुकट ठेवायची, दोघांनी थप्पीआड दबा धरायचा. मांजर अडकली की दुर्गेश पिंजऱ्यावर चादर टाकायचा. अंधारात ती शांत व्हायची. शस्त्रक्रियेनंतर कानाचं टोक कापलेली मांजर परत आली की तो दुरूनच खूण ओळखायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कुणालाच कळलं नाही.

पिल्लं मोठी झाली, त्यांना घरं मिळाली. शेवटी त्यांची आईही दवाखान्यातून परतली. लतिकानं पिंजऱ्याचं दार उघडलं. मांजर ऐटीत थप्पीवर जाऊन बसली.

"झालं इथलं काम," लतिका म्हणाली.

"हो..." दुर्गेश सांडलेले दाणे पायानं गोळा करत राहिला.

"पुढच्या रविवारी मी काहून येऊ, सांग ना."

त्याचा पाय थांबला. मग म्हणाला, "मी घरी सांगून टाकलं... तुझ्याबद्दल."

"मले न विचारता?"

"तुले विचारायची हिंमत नव्हती. घरच्यायले सांगायची होती."

लतिकाला हसू आवरेना. "उलटंच केलं गा तू सगळं. अन् ते काय म्हणाले?"

"बाबा म्हणाले, त्या पोरीले आधी विचार."

"शहाणे आहेत." तिनं पिंजरा खाली ठेवला, ओढणीनं हात पुसले आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "विचार मग."

दुर्गेशनं विचारलं. अडखळत, दोनदा थांबून... पण नजर न हलवता.

"हो," लतिका म्हणाली, आणि त्याचा हात हातात घेतला.