त्याला काय म्हणून हाक मारू?

त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न असा होता, "तुमच्यात आत्याच्या मुलाशी लग्न चालतं का हो?"

कोल्हापूरचं स्टँड, दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सोमवारची सकाळ. मी गडहिंग्लजच्या गाडीतून कॉलेजसाठी उतरत होते आणि त्याच गाडीत चढायला हा चष्मेवाला उभा. ओळख ना पाळख! मी म्हटलं, "का? तुम्हाला आत्या आहे?"

तो इतका लाजला की कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग घाईघाईनं सांगायला लागला... तो पुणे विद्यापीठात सांस्कृतिक मानवशास्त्र शिकतो, सीमेकडच्या घरांतल्या नात्यांवर प्रबंध लिहायचाय, कानडी आणि मराठी दोन्ही बोलणारी माणसं कुणाला काय म्हणतात, कुणाशी सोयरीक करतात, ते वर्षभर तिथं राहून बघायचंय. कंडक्टरनं घंटी मारली तरी तो बोलतच होता. त्या आठवड्यात कॉलेजात मी काय शिकले देव जाणे. मला ते लाल कान तेवढे आठवत होते.

शनिवारी घरी गेले तर आमच्या माडीवर तोच बसलेला. आमचा मिरचीचा व्यापार. खाली पोत्यांची थप्पी, वर ठसका. बिचारा शिंकून शिंकून हैराण झाला होता. मला बघून उठून उभा राहिला आणि त्याच क्षणी आक्का म्हणाली, "हा श्रेयस. आजपास्नं तुझा अण्णा."

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची, अप्पांची, थोरली बहीण, रत्नव्वा. तिच्या शब्दापुढे अप्पांचं किंवा माझ्या आईचं, अव्वाचं, काही चालत नाही. तिनं त्याला सरळ सांगितलं होतं, घरात वयात आलेली पोरगी आहे, वर्षभर राहायचं तर नातं लावून राहायचं. आणि हा शहाणा हरखून गेला! त्याच्या सरांनी म्हणे शिकवलं होतं की लोकांनी नातं दिलं म्हणजे अभ्यासाचं दार उघडलं. त्यानं आक्काच्या हातची साखर खाल्ली आणि आमचा थोरला भाऊ झाला. ती पोरगी म्हणजे मीच, हे त्याला कुठं माहीत होतं?

सगळे त्याला अण्णा म्हणायला लागले. हमाल अण्णा म्हणायचे, दूधवाली चिमणाबाईसुद्धा अण्णा म्हणायची. माझ्या तोंडून मात्र तो शब्द काही केल्या निघेना. जेवायला बोलवायचं तर मी जिन्यावर पळी आपटायची. फारच अडलं तर म्हणायची, "ऐकलं का..."

शनिवार-रविवार मी त्याच्याबरोबर घरोघरी जायची. म्हाताऱ्या कानडीत बोलायच्या, मी त्याला मराठीत सांगायची. तो नुसतं ऐकायचा, पण असं ऐकायचा की म्हाताऱ्या आपली माहेरं, सासरं, रुसवेफुगवे सगळं ओतायच्या. मला हेवा वाटायचा त्यांचा. एकदा अप्पांनी विचारलं, हे शिकून पुढे काय? तो म्हणाला, कॉलेजात शिकवता येतं, संग्रहालयात काम मिळतं, धरणात गावं उठतात त्या लोकांना नव्या जागी काय लागेल ते शोधायलाही आमची माणसं लागतात. अप्पा म्हणाले, "म्हणजे लोकांच्यात राहायचा पगार?" आणि पोट धरून हसले. मला मात्र हसू आलं नाही. हा माणूस आयुष्यभर कुणाकुणाच्यात राहणार आणि आमच्यातून जाणार, एवढंच मला कळलं.

श्रावण आला. नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. आक्कानं मलाही धरायला लावला, तोही कडक, फळसुद्धा चालत नाही असा. मी दुपारी कोठारात जाऊन गुपचूप केळं खाल्लं. वळले तर दारात तो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जिन्यात गाठ पडली. बाहेर भुरभुर पाऊस होता, वाड्यापलीकडच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर पोरी गात होत्या.

"काल उपास होता ना?" त्यानं हळूच विचारलं.

"होता की."

"मग केळं?"

"भूक लागली."

तो हसला. मग चष्मा काढून पुसत म्हणाला, "एक निरीक्षण आहे. या घरात दोनच पुरुष असे आहेत, ज्यांना एक बाई कुठल्याच नात्यानं हाक मारत नाही. अप्पांना तुझी अव्वा... 'ऐकलं का' म्हणते. आणि मला—"

"पुढं बोलू नका."

"बरं."

"आणि न बोलता असं बघत पण उभं राहू नका."

पण तो उभाच राहिला. मीही. केवढ्या सुखानं भरले होते मी! मग त्याचाच चेहरा उतरला. "भाऊ म्हणून भाकरी खाल्लीय मी इथली," तो म्हणाला. "आता वेगळं काही बोललो तर अप्पा परत कुणाला घरात घेतील? तू एकदा अण्णा म्हण, शिवांजली. मला सोपं जाईल."

"मला नाही जाणार," मी म्हटलं आणि खाली पोत्यांकडे गेले. मिरचीच्या घरात एक बरं असतं, डोळे लाल झाले तरी कुणी कारण विचारत नाही.

दिवाळीच्या तोंडावर त्याला काम लागलं, ओरिसात, धरणाखाली जाणाऱ्या गावांत. पाडव्यालाच निघायचं होतं. मला वाटलं, सुटले. भाऊबीजेला ओवाळलं असतं तर सगळंच संपलं असतं. आता निदान आठवण तरी माझ्या मर्जीची राहील.

सगळे स्टँडवर पोहोचवायला गेलो. गाडी लागली, त्यानं अप्पांना वाकून नमस्कार केला... आणि आक्कानं पिशवीतून तबक काढलं. निरंजन, सुपारी, कुंकू, सगळी तयारी. मी अव्वाच्या मागं सरकले.

"ओवाळ त्याला," आक्का म्हणाली.

मी तबक धरलं. ज्योत वाऱ्यानं हलत होती. त्यानं डोक्यावर रुमाल धरला. माझ्याकडे बघितलं आणि मग, वर्षभरात पहिल्यांदा, तो आक्कासमोर धीटपणे बोलला.

"आक्का, भाऊबीज उद्या आहे. आज पाडवा. आज बायका..." पुढचं त्याला म्हणवेना. कान मात्र लाल झाले.

"मला कळत न्हाय व्हय?" आक्का म्हणाली. "जिन्यात पळी कोण आपटतंय, ते वरीसभर ऐकतोय की मी. नातं मीच लावलतं, मीच काढून घेतलं. ओवाळ गं, गाडी सुटंल."

अव्वानं तोंडाला पदर लावला. अप्पा मान वर करून गाडीची पाटी वाचत राहिले, जणू ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. पण त्यांनी मला थांबवलं नाही.

मी ओवाळलं. कुंकू थोडं वाकडंच लागलं.

"आता अण्णा न्हाय तू," आक्कानं त्याला बजावलं. "यायचं तर आईबापाला घिऊन यायचं. तवर माडीला कुलूप."

तो गाडीत चढला. ओरिसा कुठं आणि गडहिंग्लज कुठं! त्या क्षणापासून वाट बघणं सुरू झालं, आणि ती किती लांबेल ते मला माहीत नव्हतं. तिथल्या गावातही कुणीतरी त्याला साखर देईल, दादा म्हणेल, मुलगा म्हणेल. म्हणू दे. माझी हाक तिथं कुणाकडे नव्हती.

गाडी हलली तशी मी भर स्टँडवर, अप्पांच्या देखत, जोरात हाक मारली.

"अहो, ऐकलं का..."

खिडकीतून तो एकटाच वळला.