मुकादमाला निरोप कोणी दिला?

कारवीला सात वर्षं मोजता येतात. बोटं नाहीत, कॅलेंडर नाही, तरी डोंगरावरची सगळी झुडपं सातव्या पावसाळ्यात एकदम फुलतात, बी धरतात आणि एकदम मरून जातात. आगाऊपणा करून कोणी पाचव्याच वर्षी फुलत नाही. हे त्यांना कोण सांगतं, हे कस्तुरीच्या आजोबांना शोधायचं होतं. मागच्या बहरात यंत्र मंजूर होईपर्यंत कारवी फुलून मरूनही गेली होती. कारवीला फायलींचा वेग माहीत नसतो.

या वेळी सगळं जमून आलं होतं. घाटमाथ्यावरच्या छोट्या संशोधन केंद्रात यंत्र होतं, समोर कारवी होती, आणि शाळा हल्ली पडद्यावरच भरत असल्यामुळे पावसाळाभर राहायला आलेली अकरा वर्षांची नात होती. शिवाय खंडू होता. हा यंत्रमानव आधी एका हॉटेलात भांडी घासत असे. हॉटेल बंद पडल्यावर तो विज्ञानाकडे वळला.

"आजोबा, पेशीत असतं तरी काय?" कस्तुरीने विचारलं.

"गर्दी," आजोबा म्हणाले. "हजारो प्रकारची प्रथिनं (पेशीतली बहुतेक कामं करणारे मोठे रेणू). पण एकटं प्रथिन फारसं काही करत नाही. ती एकमेकांना धरून टोळ्या करतात. अशा टोळीला संकुल म्हणायचं. फुलं आणायचं काम कोणतं प्रथिन करतं, ते आपल्याला माहीत आहे. त्याला आपण मुकादम म्हणू. सातवं वर्ष लागल्याचा निरोप त्याला कोण देतं, तेवढं कळायचंय."

"मग मुकादमालाच विचारायचं?"

"विचारून कोण सांगतं? त्याला पकडायचं. मग त्याचा हात धरून जो उभा असेल तो आपोआप ओढला जातो."

पकडायची रीत अशी. धुळीच्या कणाएवढे लोखंडी मणी घ्यायचे. त्यांच्यावर प्रतिपिंडं (एकाच प्रथिनाला ओळखून घट्ट धरणारे रेणू) बसवायची. मणी कळ्यांच्या रसात सोडले की मुकादम त्यांना चिकटतो. बाहेरून चुंबक लावला की मणी नळीच्या भिंतीशी गोळा होतात. बाकीची गर्दी धुऊन काढायची आणि मण्यांवर जे उरेल ते वस्तुमानमापकात (रेणूंचे तुकडे करून त्यांचं वजन करणारं यंत्र) घालायचं. वजनांवरून नावं कळतात.

पानांच्या रसावर त्यांनी एकदा सराव केला, तेव्हा नावांची ही लांबलचक यादी आली. आजोबा वैतागले. "ही अर्धी मंडळी नुसतीच चिकट आहेत. लग्नात जेवायला बसलेली असतात ना, ना मुलीकडची ना मुलाकडची, तशी."

कस्तुरीने ते लक्षात ठेवलं.

मग कारवीला कळ्या धरल्या. निरोप येतो तो याच थोड्या दिवसांत, असा आजोबांचा अंदाज होता. कळ्या आणल्या, थंडीत वाटल्या आणि सगळा रस एका नळीत घेतला. "हलक्या हाताने धू," असं खंडूला बजावून आजोबा ऑनलाइन बैठकीला बसले. कारवी गेल्या वर्षी का फुलली नाही, याचा खुलासा वरिष्ठांना हवा होता.

"खंडू, स्वच्छ धू हं," कस्तुरी म्हणाली. "एकही उपरा राहता कामा नये."

हॉटेल सुटल्यापासून खंडूशी असं कोणी बोललंच नव्हतं. "मीठ घालू का, ताई? मिठाने चिकटलेलं सुटतं."

"घाल."

यंत्राने वजनं करायला आठवडा घेतला. यादीत एकच नाव होतं. मुकादम.

"बघा, किती स्वच्छ," कस्तुरी म्हणाली. "मी सांगितलं होतं त्याला."

आजोबांनी यादी खाली सरकवून बघितली, पुढे काही नव्हतं. मग म्हणाले, "निरोप देणारा हात धरून बसत नाही, बाळा. सांगतो आणि निघतो. जोरात धुतलं की आधी तोच सुटतो."

"मग पुन्हा कळ्या आणू."

आजोबांनी खिडकी उघडली. अख्खा डोंगर जांभळा झाला होता. कळी शिल्लक नव्हती.

"पलीकडच्या डोंगरावर?"

"तिथे आता 'कारवी हाइट्स' आहे. बावीस मजली."

"धुण्याचं पाणी मी ठेवलंय," खंडू म्हणाला. "हॉटेलात ते फेकायची परवानगी नव्हती." का नव्हती, ते कोणी विचारलं नाही.

कस्तुरीच्या जिवात जीव आला. पाणी यंत्रात गेलं आणि चार हजार नावं बाहेर आली.

"यात निरोप्या आहे ना?"

"असणारच."

"कुठला?"

"ते पाण्याला माहीत नाही. पेशीत कोण कोण होतं ते सगळं यात आहे. कोणी कोणाचा हात धरला होता, तेवढं धुऊन गेलं."

त्या दिवशी कस्तुरी जेवली नाही. आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं तिच्या ताटावर झाकण घातलं.

दुसऱ्या दिवशी तिघं बहर बघायला निघाले. कड्याजवळचा खडक शेवाळाने निसरडा झाला होता. आजोबांनी मफलरचं एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. थोडं चढून कस्तुरी थांबली.

"आजोबा, हे आधी करायला हवं होतं. धुण्याच्या आधी त्यांना बांधून टाकायचं. मग हात सुटला तरी कळेल कोण कोणाबरोबर होतं."

आजोबाही थांबले. "तशी रसायनं आहेत. अगदी जवळ आलेल्या दोन प्रथिनांत टाका घालतात. मग दणकून धुतलं तरी चालतं. चिकट मंडळी जातात, टाक्यातली राहतात."

"मग तुम्ही का नाही घातला?"

"टाक्यात कधी कधी नुसता शेजारी उभा असलेलाही सापडतो. ते निस्तरायचा कंटाळा केला. वाटलं, हलक्या हाताने धुतलं की भागेल." त्यांनी खंडूकडे बघितलं नाही. खंडू मात्र छत्री सावरत म्हणाला, "हलका हात मी शिकेन."

"पुढच्या बहराला मी अठराची असेन," कस्तुरी म्हणाली. "आणि तुम्ही?"

"ऐंशीच्या पुढे. हा कडा मला चढू देईल की नाही, सांगता येत नाही. पण टाका कुठे घालायचा ते तुला आता माहीत आहे."

सपाटीवर आल्यावर आजोबा मफलरची गाठ सोडू लागले.

"राहू दे," कस्तुरी म्हणाली.

चहूकडे जांभळी फुलं होती, मधमाशांची धांदल होती, आणि निरोप कोणी दिला ते एकही झुडूप सांगत नव्हतं. थोड्याच दिवसांत ती सगळी वाळणार होती. त्यांच्या बियांतून रोपं येतील आणि पहिल्या दिवसापासून मोजायला लागतील.

कस्तुरीने आजच सुरुवात केली.