मागून येणारी पावलं

दांडिया बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात ईशानीने तिसरा तांब्या फरशीवर सोडला आणि दुकानदाराचा धीर सुटला.

"बेन, लेवुं छे के वगाडवुं छे?"

"काका, नुसता वाजवत नाहीये, घेणारच आहे हो. पण हा नीट वाजतच नाही…"

"नाही वाजणार," पलीकडून कुणीतरी मराठीत म्हणालं. "बुडाला चीर गेलीये त्याच्या."

तिने वळून पाहिलं. एक उंच तरुण, चष्मा कपाळावर ढकललेला, पातेल्याला टिचकी मारून त्याला कान लावून उभा होता.

"तुम्हीही वाजवताच आहात की!"

"मी आईसाठी पातेलं घेतोय. ऐकल्याशिवाय मी काही घेत नाही. तुम्हाला तांब्या कशाला हवाय?"

"खुनासाठी," ईशानी म्हणाली.

त्याने पातेलं हळूच खाली ठेवलं. मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात दडलेलं हसू त्याला दिसलं, आणि तोही हसला. हसताना त्याचा चष्मा कपाळावरून घसरून आपोआप नाकावर बसला. ईशानीला हे फार आवडलं, पण तसं तिने दाखवलं नाही.

खुनाची गोष्ट अशी होती. ईशानीच्या मराठी मंडळाने यंदा जुना कृष्णधवल रहस्यपट दाखवायचं ठरवलं होतं. हौशी संग्राहकाकडून प्रत मिळाली, पण शेवटच्या भागात आवाजच नव्हता. त्या भागात कुणी बोलत नाही, नुसती पावलं, पाऊस, बांगड्या आणि जिन्यावरून गडगडत जाणारा एक तांब्या. मंडळाचे चिटणीस जयवंतराव म्हणाले, त्यात काय, आवाज आपण पडद्यामागून काढू. जयवंतरावांनी एकदा 'आपण' म्हटलं की ते काम ईशानीच्या गळ्यात पडतं, हे साऱ्या मंडळाला ठाऊक होतं.

"माणूस हवाय आम्हाला एक," ती म्हणाली. "खुनी नुसता पायांनी करायचा. चेहरा दाखवायची गरज नाही."

"बरं झालं. चेहऱ्याचा माझा अनुभव फारसा चांगला नाही," तो म्हणाला. त्याचं नाव विश्राम. वाघोडियाच्या एका कारखान्यात यंत्रांचे आवाज तपासणं हे त्याचं काम होतं. यंत्र मोडण्याआधी सूर बदलतं, तो सूर वेळीच ऐकायचा.

"म्हणजे पूर्वसूचना!" ईशानीचे डोळे चमकले.

इथे तिचा एक स्वभाव सांगायलाच हवा. चित्रपटात पुढे काय होणार ते ती खुणांवरून ओळखायची. पहिल्या दृश्यात पिंजऱ्याचं दार उघडं दिसलं, की नायिका शेवटी सुटणार. आरशात दोन चेहरे दिसले, की कुणीतरी खोटं बोलतंय. इथवर ठीक होतं. पण हीच नजर ती आयुष्यालाही लावायची. एका स्थळाच्या हातून चहाच्या कपाचा कान निखळला, ते गेलं. दुसरा मुलगा बोलत होता तेव्हा त्याच्या डोक्यावरचं घड्याळ बंद होतं, तोही गेला. "अगं, सेल संपला होता त्यातला!" तिची आई, नीराताई, अजून कपाळाला हात लावून सांगायच्या. ईशानीचं एकच उत्तर असे, "खूण ती खूण."

तालमी सुरू झाल्या. सुपात साबुदाणा फिरवला की पाऊस पडू लागे. तांब्या लाकडी फळीवरून सोडला की अंगावर काटा येई. पडद्यामागून पाहिलं की चित्र उलटं दिसे, सगळी माणसं डावखुरी.

"बघ, पहिल्या प्रसंगात तांब्या उगाच पडतो, लोक हसतात," ईशानी समजावत होती. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं. "मग शेवटी तो पुन्हा वाजतो तेव्हा कुणी हसत नाही. कारण आता कानाला ठाऊक असतं, कोण येतंय ते."

"आणि नायिकेच्या खोलीतला तो पिंजरा?"

"पिंजरा म्हणजे तिचं घर."

"किंवा दिग्दर्शकाकडे रिकामा पिंजरा पडला होता."

"विश्राम!"

"बरं, बरं… घर," तो म्हणाला आणि साबुदाण्याचा पाऊस तिच्या ओंजळीत ओतला.

सगळ्यांत अवघड होता पाठलाग. फळीवर ईशानीने नायिकेची पावलं टाकायची, बांगड्या किणकिणवत, घाबरत. तिच्या मागे विश्रामने खुन्याचे बूट वाजवायचे, एक पाय जरा फरफटत. खट्… घस्स्. खट्… घस्स्. पहिल्या दिवशी छान जमलं. दुसऱ्या दिवशीही. पुढे मात्र काहीतरी बिघडत गेलं. फरफट हरवली. ती हळू झाली की तो हळू, ती थबकली की तो थबके, आणि दोघांची पावलं अशी एका लयीत पडू लागली की जयवंतराव खुर्चीतून ओरडले, "अरे विश्राम, खुनी आहेस तू! कमाटी बागेत हवा खायला निघाल्यासारखा काय चालतोस?"

सगळे हसले. ईशानी वळली नाही. वळली असती तर तिचे गाल सगळ्यांना दिसले असते.

त्या संध्याकाळी दोघं शेव उसळ खायला गेली. तिखटाने तिचं नाक लाल झालं होतं. विश्राम बराच वेळ पावाचा तुकडा नुसता रश्श्यात बुडवत राहिला.

"ईशानी… रविवारी आई मला सांगलीला नेतेय. मुलगी बघायला."

तिचा हात थांबला. "आणि?"

"मला जायचं नाहीये. पण 'का नाही' असं आई विचारेल, तेव्हा मला एक नाव सांगायचंय. सांगू का?"

किती सरळ विचारलं त्याने! ईशानीच्या छातीत असा आनंद उसळला की ती एकदम पुढे झुकली, आणि तिच्या कोपराने प्लेट कलंडली. लालभडक तर्री तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर पसरली.

ती डागाकडे बघतच राहिली. "आपल्या चित्रपटात नायिकेच्या साडीवर असाच डाग पडतो. ज्याच्यावर तिचा विश्वास असतो ना… तोच खुनी निघतो."

"ईशानी, ही तर्री आहे. साबणाने जाते."

"मला भीती वाटते रे."

त्याने रुमाल पुढे केला. "तुझ्या खुणांशी मी भांडणार नाही. पण एक सांगू? माझ्या कारखान्यात आवाज बदलला, तर आत खरंच काहीतरी झिजलेलं असतं. म्हणून मी आवाजावर विश्वास ठेवतो. कप, घड्याळ, तर्री… यांच्या आत आपल्याबद्दल काय असणार?" मग हलकेच म्हणाला, "खेळ शनिवारी आहे. त्यानंतर सांग. नाही म्हणालीस तर रविवारच्या गाडीत बसेन."

शनिवारी सभागृह भरलं. नीराताई तिसऱ्या रांगेत होत्या. विश्रामची आईही आली होती, लेक खुनी झालाय म्हणून. पडद्यामागे मायक्रोफोन लागले, सूप सरसावलं, आणि ईशानीने फळीवर पाय ठेवला. दिवसभर ती एखादी शुभ खूण शोधत होती. एकही सापडली नव्हती, आणि उत्तर तर आजच द्यायचं होतं.

तांब्या गडगडला. सभागृहात कुणीतरी चक्क किंचाळलं. पाठलाग सुरू झाला… खट्… घस्स्… आणि ऐन रंगात लॅपटॉपने मान टाकली. पडदा काळा झाला. मिट्ट अंधार.

लोकांना वाटलं, हे चित्रपटातच आहे. कुणी हललं नाही. जयवंतराव अंधारात तारा चाचपत पुटपुटत होते, "चालू ठेवा, चालू ठेवा!"

ईशानी चालत राहिली. आता याहून मोठी खूण कुठली? बरोबर आजच्या दिवशी, समोरचं सगळंच नाहीसं झालं! तिचे पाय भरभर पडू लागले. ती नायिकेसाठी पळत होती की स्वतःसाठी, तिलाच कळेना.

तेवढ्यात मागचे बूट थांबले. अंधारात, अगदी जवळून, विश्राम कुजबुजला, "चित्र गेलंय, ईशानी. आता पळायचं की नाही… ते तूच ठरव."

ती उभी राहिली. समोर पिंजरा नव्हता, आरसा नव्हता, काही वाचायलाच नव्हतं. होतं ते मागे होतं. एक माणूस, चालून चालून जरा दमलेला, तिच्या उत्तरासाठी श्वास रोखून थांबलेला. या माणसावर आपलं प्रेम आहे, हे तिला त्या क्षणी इतकं स्वच्छ कळलं की तिला आपल्याच भित्रेपणाचं हसू आलं. ती वळली.

"नाही पळायचं," ती म्हणाली. "तू उद्या सांगलीला जाऊ नकोस. माझं नाव सांग आईंना. मला… मला तूच हवा आहेस, विश्राम."

त्याचा सुस्कारा ऐकू आला. नुसता तिलाच नाही. मायक्रोफोन सुरू होते, आणि तो सुस्कारा सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत घुमला. त्याच्याआधीचं सगळंही घुमलं होतं.

मग अंधारातून एका बाईंचा शांत, घरगुती आवाज आला.

"विश्राम, मग उद्याची तिकिटं मी रद्द करू का रे?"

हास्याचा असा काही गडगडाट झाला की छताचे पंखेही हलले असतील. नीराताई उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "माझी आहे ती, माझी!" लॅपटॉपने पुन्हा डोळे उघडले. पडद्यावर खुनी जिना चढू लागला, पण बुटांचा आवाजच येईना, म्हणून बिचारे जयवंतराव स्वतःच पाय आपटत फळीवर चढले. त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

विश्रामने मायक्रोफोनकडे तोंड केलं. चष्मा पार वाकडा झाला होता.

"कर गं आई," तो म्हणाला, आणि ईशानीचा हात हातात घेऊन त्याने मायक्रोफोनचं बटण बंद केलं.