नाळे बा

उत्कर्षा, तो मोबाइल पालथा ठेव. अभिमन्यू, दाराकडं पाठ करून बसू नको, इकडं सरक. ऐकायचं तर नीट ऐका. हे ऐकीव नाही, माझ्या साडूच्या घरात घडलंय.

साडूचा मुलगा दिग्विजय. सोलापुरात चौकाचौकांत पोलिसांचे कॅमेरे आहेत ना, ते रात्रभर बघत बसायला कंत्राटी पोरं असतात, त्यातला हा एक. दोन वर्षांपूर्वीची वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा आपल्याकडचा सण. त्याच्या आईनं, म्हणजे माझी मेहुणी वैजयंतीनं, भज्जीचा, म्हणजे सणाच्या मिसळ भाजीचा, डबा बांधून दिला आणि हा गाडीवर बसून ड्युटीला गेला. रोजच्यासारखाच.

पोरगा वाईट नव्हता, पण जिभेला हाड नव्हतं. कॅमेऱ्याच्या खांबाला कर्णा असतो, 'गाडी बाजूला घ्या' असं खोलीतून सांगायला. हा त्यातून टवाळी करायचा. अक्कलकोट रोडला एका उतारावर खांबाखाली कमलम्मा झोपायची. कडक भाकऱ्या विकणारी कन्नड म्हातारी. सकाळची जागा जाऊ नये म्हणून टोपलीला टेकून तिथंच पडायची. मध्यरात्री हा आवाज ओढून हाक मारायचा, "कमलम्माऽऽ..."

त्या लोकांत रीत अशी, की रात्री भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं. उठायचं नाही. 'नाळे बा' म्हणायचं, म्हणजे उद्या ये. भूत आल्या वाटेनं जातं. दारावरही तसं खडूनं लिहितात. कमलम्माला दार कुठलं? तिनं खांबावरच लिहून घेतलं होतं. हाक आली की पांघरूण ओढायची, हात हलवायची. हा स्क्रीनपुढं पोट धरून हसायचा. वर सकाळी तिच्याकडूनच भाकरी घ्यायचा.

"खांबात भूत हाय की रे तम्मा," ती त्यालाच सांगायची. "पण मी बी लई खमकी. रोज उद्या ये म्हनते."

त्या रात्री उसाची ट्रॉली चढावर आली. जोडाची पिन तुटली. ट्रॅक्टर पुढं गेला, ट्रॉली थांबली... आणि मागं घसरायला लागली. हळूहळू. थेट खांबाकडं.

दिग्विजय माइकवर ओरडला, "कमलम्मा! ऊठ! ट्रॉली आली!"

तिनं पांघरूण ओढलं.

"आज खरंच सांगतोय गं आज्जे... पाया पडतो... ऊठ!"

हात बाहेर आला. हलला. ओठ हलले...

मग स्क्रीनवर नुसता ऊस.

त्यानं नोकरी सोडली. पण हाक सुटली नाही. रोज रात्री घराच्या दारावर. आईच्या आवाजात. आणि आई शेजारी झोपलेली! मला म्हणाला, "काका, मी नाळे बा म्हणतो. मग जातंय ते." म्हणताना हसला बिचारा. मला ते हसू बघवलं नाही.

वर्ष फिरलं. पुन्हा वेळ अमावस्या. साडू सणासाठी शेतावरच मुक्कामाला, घरात मायलेक दोघंच. पहाटे तीनच्या सुमारास वैजयंती बाहेरच्या संडासला गेली. दिग्विजयला जाग आली. दार उघडं दिसलं. घाबरून त्यानं कडी घातली. शेजारचं अंथरूण बघितलंच नाही.

थोड्या वेळानं दार वाजलं.

"दिग्या... छातीत दुकतंय रं... दार उघड..."

"नाळे बा."

"अरं... मी हाय... तुजी आई..."

"नाळे बा."

नखं ओढल्याचा आवाज. बराच वेळ.

मग काहीच नाही...

उजाडलं. वैजयंती उंबऱ्यावर. थंडगार. आणि दारावर खडूनं कन्नड अक्षरं. साडूकडं कुणाला कन्नड येत नाही. शेजारच्या चन्नप्पांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. दोनच शब्द.

गल्लीच्या तोंडाला, त्यांच्या दारासमोरच, पोलिसांचा कॅमेरा आहे. फुटेज काढलं तेव्हा मी होतो. वैजयंती दार वाजवताना दिसली. एकटीच. हात थकला, खाली बसली. मग सकाळ झाली. माणसं गोळा झाली. चन्नप्पा वाकून, बोट ठेवून वाचतायत...

बोटाखाली दार कोरं.

ते दार नंतर दोनदा रंगवलं. परवा मी गेलो होतो. रंगावर अक्षरं तशीच. हात लावून बघितला.

ताजा खडू बोटाला लागला.