बाहेरची कडी

सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा मी देवापुढे हात जोडून एक नेम बोलले होते. त्या बऱ्या होऊन घरी आल्या, तर यापुढे कुठल्याही खोलीचं दार ओढून घेण्याआधी आत कोणी आहे का असं विचारल्याशिवाय राहणार नाही. त्या आल्या, आणि नेम अजून चालू आहे. रिकाम्या न्हाणीघरालाही मी विचारते. मुलं हसतात. हसू देत बापडी.

हा नेम सुचला तो माझ्या मोठ्या मामांमुळे. जेवणं आटोपून दिवे मंद झाले की भाचरं त्यांना घेरतात आणि ते ही गोष्ट सांगतात. त्यांच्या ओळखीच्या ठेकेदाराच्या बाबतीत ती घडली, असं ते शपथेवर म्हणतात.

त्या ठेकेदाराला सगळे टेपसाहेब म्हणत. मोजायची टेप कायम कमरेला. माणसाशी बोलतानाही नजर त्याची लांबी-रुंदी घेत असायची.

"आणि उंची, मामा?"

"उंची स्वतःची सोडून सगळ्यांची!"

तर गावातली जुनी दगडी शाळा बंद पडली होती. तिथे वृद्धांसाठी कमी भाड्याच्या खोल्या करायचं काम टेपसाहेबाला मिळालं. इमारत ऐतिहासिक, म्हणून दारं-खिडक्या होत्या तशाच ठेवायच्या. टेपसाहेबाने एकेका वर्गाच्या चार चार खोल्या पाडल्या आणि नव्या खोल्यांनाही तसलीच दारं करून बसवली. शाळेच्या दारांना कडी फक्त बाहेरून असते. मुलांनी आत कोंडून घेऊ नये म्हणून. त्याने तीच ठेवली.

सुताराने विचारलं, "साहेब, आतून काहीच नको?"

"कशाला? म्हातारे आतून लावून घेणार, मग पडणार, मग आपण दार तोडत बसायचं. बाहेरून कडी असली की बरं. माल आपल्या ताब्यात."

माल. हा शब्द त्याचाच.

वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गातली खिडकीकडची खोली त्याने स्वतःच्या आईला लावून दिली होती. घरात आई दिवाणखान्यात झोपायची आणि पाहुण्यांसमोर खोकायची, एवढाच तिचा गुन्हा. ती बिचारी हो म्हणाली. एकच गोष्ट मागितली.

"आतून एक कडी तेवढी लाव रे."

"आई, तुझं काय चोरीला जाणार आहे? चष्मा?"

रविवारी उद्घाटन होतं, आणि आई सकाळी पिशवी घेऊन तिथे यायची होती.

आदल्या दिवशी, शनिवारी, अंधार पडल्यावर टेपसाहेब शाळेत गेला. पलंगांची गाडी यायची होती. आईच्या खोलीत पलंग मावतो का, तेवढं बघायचं होतं. राखणदार म्हणजे शाळेचा जुना शिपाई. तो खालची एकेक खोली बंद करत होता. प्रत्येक दाराशी थांबायचा, विचारायचा, "आत कोणी आहे का?" मग बराच वेळ उभा राहायचा, आणि त्यानंतर कडी.

"कोण असणार?" टेपसाहेब हसला. "सहावीची तुकडी?"

"विचारायला काय जातं, साहेब? माझ्या आधीच्या शिपायाचं विचारायचं राहिलं होतं."

"म्हणजे?"

"एक बाई होत्या. निवृत्तीच्या दिवशी सगळे गेल्यावर वरच्या शेवटच्या वर्गात बसून राहिल्या. ऐकू कमी यायचं. त्याने कडी घातली. दुसऱ्या दिवसापासून सुट्टी. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं."

"मग?"

"मग शाळा उघडली."

टेपसाहेबाने जांभई दिली. "तू फाटकावर जा. गाडी आली की माणसं आत पाठव." फोन राखणदाराच्या खोलीत चार्जिंगला लावून तो एकटाच वर निघाला.

आईच्या खोलीत नव्या रंगाचा वास भरला होता. दाराला आतून शेवटचा हात नुकताच मारलेला, अजून ओला. टेपसाहेब टेप सोडून ओणवा झाला. पलंग कसाबसा मावत होता. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायला जागा नव्हती. "उठून प्यावं की," तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात पडवीच्या टोकाला पावलं वाजली. थांबली. अस्पष्ट आवाज आला... आत कोणी आहे का?

मग खट.

म्हातारा पुन्हा सुरू झाला, टेपसाहेबाच्या मनात आलं. फाटकावर जा म्हटलं तर हे चाळे. पावलं पुढच्या दाराशी आली. तोच प्रश्न. तीच शांतता. खट.

अशी एकेक कडी पडत आवाज जवळ आला. शेजारच्या खोलीशी. मग याच दाराशी.

"आत कोणी आहे का?"

आपण आत आहोत हे त्याला माहीत आहे. असल्या फालतू प्रश्नाला उत्तर कोण देणार? टेपसाहेब बोलला नाही.

बाहेरही कोणी बोललं नाही. बराच वेळ.

दार हळूच लोटलं गेलं.

खट.

आणि दिवा गेला.

"ए! डोकं फिरलं का तुझं? उघड!" त्याने दोन्ही तळहात दारावर आपटले. रंग हाताला चिकटला. खिडकीतून खाली बघितलं. फाटकाशी गाडीचे दिवे दिसत होते. त्या उजेडात राखणदार उभा होता... तिथे, खाली.

मग इथे कोण होतं?

टेपसाहेब पुन्हा दाराकडे धावला.

"मी आहे आत! अहो, मी आहे!"

त्याच्या अगदी पाठीशी, अंधारात, कोणीतरी हळूच म्हणालं...

"मी पण."

...

पुढचं त्याला आठवत नाही. पलंग घेऊन माणसं वर आली, तेव्हा राखणदाराने सवयीने विचारलं आणि आतून उत्तर आलं म्हणून कडी काढली. टेपसाहेब कोपऱ्यात बसला होता. दातखीळ बसलेली.

"मग उत्तर कोणी दिलं?" सगळ्यात धाकटी भाची दर वेळी विचारते. मामा दर वेळी पाण्याचा पेला उचलतात.

उजाडायच्या आत सुताराला उठवून आणलं. बाहेरच्या सगळ्या कड्या निघाल्या, आतून नव्या बसल्या. आई पिशवी घेऊन आली, तशीच तिला परत घरी नेली. टेपसाहेब संत झाला म्हणाल, तर छे. अजूनही माणसं मोजतो. पण झोपण्याआधी आईच्या उशाशी तांब्या ठेवतो आणि विचारतो, "आई, आहेस ना?" ती म्हणते, "नसायला काय झालं? मापात बसतेय ना अजून?"

शाळेत आता वृद्ध मंडळी सुखाने राहतात. त्या खोलीच्या दारावर आतल्या बाजूने टेपसाहेबाचे दोन पंजे रंगात उमटलेले आहेत. आणि त्यांच्या खाली आणखी दोन. लहान, सडपातळ बोटांचे, मनगटाशी बांगडीची गोल खूण असलेले. रविवारी सगळ्यांचे हात पाहिले. रंग फक्त टेपसाहेबाच्या हाताला होता. दोनदा रंग दिला, दोनदा ते वर आले. आता तिथे राहणाऱ्या आजींनी तिसऱ्यांदा देऊ दिला नाही. म्हणाल्या, "असू दे. सोबत आहे."

म्हणून माझं एक ऐका. आज निजायच्या आधी घरातलं कुठलंही दार ओढून घ्याल, तेव्हा आत कोणी आहे का, एवढं विचारा. आणि जरा थांबा. काहींना उत्तर द्यायला वेळ लागतो.