नस दिसली, जपली

ऑपरेशन संपलं की डॉक्टर हात धुवायचे, अर्धा कप चहा प्यायचे आणि छोट्या रेकॉर्डरवर अहवाल बोलून ठेवायचे. टायपिस्टबाई तो दुसऱ्या दिवशी टाइप करायच्या. बावीस वर्षांत त्यातलं एक वाक्य बदललं नव्हतं: 'आवाजाची डावी नस दिसली, जपली.' नस कधी दिसे, कधी नसे. वाक्य मात्र न चुकता येई.

कोर्टात पुकारा करणाऱ्या माणसाचं हृदय बदललं, त्या दिवशीही ते आलं. नस दिसली नव्हती. रक्त थांबवायच्या घाईत चिमट्याखाली दोऱ्यासारखं काहीतरी ताणलं गेलं, ते डॉक्टरांच्या बोटांना कळलं होतं.

नवं हृदय उत्तम चाललं. आवाज मात्र गेला. ज्याला सगळं कोर्ट 'भोंगा' म्हणायचं, त्याच्या तोंडून आता नुसती हवा यायची. पाण्याच्या घोटाला ठसका लागायचा.

"घशात घातलेल्या नळीची सूज आहे. उतरेल," डॉक्टर म्हणाले.

"उतरू दे बाई," त्याची बायको म्हणाली. "घरात यांनी मीठ मागितलं तर शेजारीण आणून द्यायची. कोर्टात तीनदा पुकारायचे. तिसऱ्यांदाही माणूस आला नाही, की एकतर्फी निकाल. ऐकू आलं नाही म्हणायची सोयच नव्हती."

भोंगा डॉक्टरांकडे बघत होता.

गळ्याच्या डॉक्टरांना लगेच बोलवायला हवं होतं. पण ते दुर्बीण घालणार, डावा स्वरतंतू निपचित पडलेला बघणार आणि मग अहवाल मागवणार. डॉक्टरांनी ते आज-उद्यावर ढकललं.

आठवड्याने टायपिस्टबाई दुसऱ्याच एका पेशंटचा अहवाल घेऊन आल्या. "सर, हे असंच ठेवू?"

'नस दिसली, जपली' याच्या खाली टाइप केलं होतं: 'डॉक्टर हजर आहेत का?'

"टेपवर आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्यामागोमाग. खणखणीत आवाज आहे."

डॉक्टरांनी ऐकलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भोंग्याने हसत हसत पुकारा करून दाखवला होता, तोच हा आवाज. "बाहेर कोणीतरी ओरडलं असेल," ते म्हणाले.

पुढच्या अहवालात 'डॉक्टर हजर आहेत का?' दुसऱ्यांदा आलं. त्याच दिवशी भोंग्याला ताप भरला. स्वरतंतू मिटत नसल्याने प्यायलेलं पाणी फुप्फुसात उतरत होतं, आणि नवं हृदय टिकावं म्हणून दिलेल्या औषधांनी अंगात झुंजायची ताकद ठेवली नव्हती.

"सूज उतरेपर्यंत पाण्याचा थेंब द्यायचा नाही," डॉक्टर म्हणाले. सूज हा शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा गेला. मान वर करून भोंग्याच्या बायकोकडे बघणं त्यांना जमेना. त्यांना लाज वाटत होती. आणि लाजेपेक्षा भीतीच मोठी निघाली, याची लाज त्याहून जास्त वाटत होती.

तिसऱ्या वेळी त्यांनी नसेचं वाक्य मुद्दाम गाळलं. बाकीचा अहवाल स्पष्ट, सावकाश बोलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी कागद ठेवला. "सर, या खेपेला तुमचा आवाजच आलेला नाही."

कागदावर एकच ओळ होती, तिसऱ्यांदा: 'डॉक्टर हजर आहेत का?'

डॉक्टर उठले. लिफ्टची वाट न बघता तीन मजले चढले. आज सांगायचंच. नोकरी गेली तर गेली.

खोलीत ऊन आलं होतं. बायको टॉवेलच्या घड्या घालत होती.

"या डॉक्टर. धाप लागली की तुम्हाला."

डॉक्टरांनी दारातूनच तोंड उघडलं. माझ्या हातून चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं.

नुसती हवा आली.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवाच.

भोंग्याने डोळे उघडले. त्याचा कंठ वर सरकला, खाली आला.

"नस दिसली," तो म्हणाला. स्पष्ट, सवयीच्या, जरा कंटाळलेल्या आवाजात. "जपली."

तो आवाज डॉक्टरांचा होता.

बायकोच्या हातातला टॉवेल खाली पडला. ती रडत रडत हसली. "वेगळाच येतोय, पण आला. उतरली सूज, डॉक्टर. तुम्ही म्हणाला होता तशी."

मग तिने पेला पाण्याने काठोकाठ भरला आणि नवऱ्याच्या ओठांना लावला.

'नको,' डॉक्टर नुसत्या हवेने म्हणाले. तिने मागे वळूनही बघितलं नाही.