लिपस्टिकवाल्या पोरीचं पत्र

पत्र येऊन तीन महिने झाले होते आणि हरिओम तौरने अजून उत्तर दिलं नव्हतं.

पाकिटावर पत्ता म्हणून एवढंच होतं — 'हरिओम तौर, एसटी कंट्रोलर, अंबड'. तेवढ्यावर पोस्टमनने ते बसस्थानकाच्या चौकशी खिडकीतून आत सरकवलं. आत दोन फुलस्केप कागद, निळी शाई. वर ना सप्रेम, ना नमस्कार… सरळ भांडणच.

'तुम्ही पेपरात लिहिलंत, झुळूक एअरवेज बुडत असेल तर बुडू द्या, सरकारने एक रुपयाही देऊ नये. आणि पुढे लिहिलंत, "त्यातल्या लिपस्टिकवाल्या पोरी चार दिवस घरी बसल्या तर काही बिघडत नाही." त्यातली एक मी. लिपस्टिक कंपनीच्या नियमात होती. रंग कंपनी ठरवायची, विकत आम्ही घ्यायची, आणि पुसट झाली तर दंडही आम्हीच भरायचा. बदनापूरहून रोज रेल्वेने जाऊन मी विमानतळावर लोकांच्या बॅगा वजन करत होते. शेवटचे पाच महिने पगार न देता कंपनी बंद पडली. त्यालाही साठ दिवस झाले. तुमचा संप झाला तेव्हा तुम्हाला सरकारचाच पैसा हवा होता ना? मग माझ्या जागी तुम्ही असता तर काय मागितलं असतं? उत्तर द्या. लेखी द्या. — दैवशाला जिगे.'

हरिओमने उत्तर लिहायला घेतलंच नाही, असं नाही. सात वेळा घेतलं. पण तिसऱ्या ओळीपर्यंत आलं की त्याला वाटायचं, हे कसलं उत्तर, हा तर बचाव आहे. मग कागदाची घडी व्हायची आणि ती कुठल्या तरी पुस्तकात जायची. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात पुस्तक उघडणारा माणूस तो. कंडक्टर म्हणून लागला, परीक्षा देऊन कंट्रोलर झाला, तरी खिशातलं पुस्तक काही सुटलं नाही. माइकवर त्याचा आवाज खणखणीत निघे. माइक बंद झाला की तोच आवाज घशात अडकून बसे.

पेपरातलं ते पत्र त्याने लिहिलं, तेव्हा मात्र तो भयंकर रागात होता. त्या दिवशी घनसावंगीची संध्याकाळची गाडी सलग तिसऱ्यांदा रद्द झाली होती. आगारात गाडीच नव्हती. शाळेच्या मुली दप्तरावर बसून त्याच्या खिडकीकडे बघत होत्या, आणि 'गाडी रद्द' हे त्यालाच तीनदा सांगावं लागलं. मग हातात पेपर पडला. त्यात झुळूकचा मालक, परदेशात कुठल्याशा निळ्या पाण्याच्या काठी बसलेला, आणि खाली बातमी — सरकारने आपल्याला वाचवावं, असं तो म्हणत होता. हरिओमचं डोकंच सणकलं. एका बैठकीत पत्र लिहून झालं. राग मालकावर होता, पण मालक कुठे अंबडचा पेपर वाचतो? घाव भलतीकडेच बसला.

*

जानेवारीतली दुपार. खिडकीच्या लाकडावर कुणीतरी छत्रीची मूठ आपटली.

"ओ कंट्रोलर साहेब! साडेबाराची घनसावंगी गेली का यायचीये?"

"रद्द आहे, मॅडम."

"मंग सांगायचं न्हाई का? तासाभरापासून उन्हात उभी राहून राह्यले मी!"

"सांगितलं ना… दोनदा."

"ते सांगणं व्हय? नुसती खरखर! आमच्या विमानतळावर कुणी असं बोललं असतं, तर जेवणाच्या सुट्टीआधी घरी पाठवलं असतं."

विमानतळ! हरिओमचा हात नोंदवहीवर थांबला. त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. हिरवी ओढणी, पापण्यांवर धुळीचा बारीक थर, रागाने फुललेल्या नाकपुड्या. ओठांवर काहीच लावलेलं नव्हतं.

"आपण… बदनापूरच्या का?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीवर गेली. ती पट्टी तिने हळूहळू वाचली. मग खिडकीवर दोन्ही कोपर टेकले.

"अच्छा… हरिओम तौर. म्हंजे जिवंत आहात तुम्ही! मला वाटलं, उत्तर द्यायच्या आधीच गेलात."

"लिहून राह्यलो…"

"तीन महिने? ग्रंथ लिहून राह्यले का?"

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं. हरिओमचे कान तापले. काहीतरी बोलायचं म्हणून तो बोलून गेला, "पुढची गाडी पावणेदोनला आहे. तोवर… रस घेणार का?"

"घेईन. तुमच्या पैशानं. पाच महिन्यांचा पगार बुडालाय माझा."

*

नव्या वर्षापासून ती आठवड्यातून तीन दिवस घनसावंगीच्या एका क्लासमध्ये इंग्रजी बोलायला शिकवायला जाई. मंगळवार, गुरुवार, शनिवार. बदनापूरहून अंबड, अंबडला गाडी बदलून घनसावंगी. मधल्या पाऊण तासात स्थानकासमोरच्या रसवंतीवर भांडण. चरकाला बांधलेली घुंगरं छुमछुमायची, आणि त्या तालावर हे दोघे तावातावाने बोलायचे. रसवाल्याला आधी वाटलं, नवरा-बायको आहेत. मग वाटलं, एवढ्या नियमाने कुठले नवरा-बायको भांडतात!

"तुम्ही हाफ तिकिटावर येता," हरिओम म्हणाला एकदा. "उरलेलं अर्धं सरकार भरतं. फुकटचं सरकारी तुम्हालाही चालतंच की."

"बराबर! मी अर्धं घेते. तुम्ही अख्खा पगार घेता. कोणाचं विमान जास्त तोट्यात आहे?"

त्याला हसू आलं. ते लपवायला त्याने ग्लास तोंडाला लावला, तर तिने ते पाहिलंच. तीही हसली… आणि लगेच गंभीर झाली, जणू हसणं ठरलेलंच नव्हतं.

"एसटी बंद पडली तर गावातली पोर शाळेत जायची बंद होते," तो म्हणाला. "विमान बंद पडलं तर कोणाचं अडतं? आमच्यात गाडी रस्त्यात बंद पडली की प्रवासी त्याच तिकिटावर मागच्या गाडीत बसतात. बंद गाडीत कुणी पैसा ओतत न्हाई. सरकारनं तेच करावं. लोकांना दुसऱ्या विमानात बसवावं, आणि मालकाला टाळं."

"ड्रायव्हर-कंडक्टर?"

"ते… ते गाडीपाशी थांबतात."

"किती वेळ?"

"मेकॅनिक येईपर्यंत."

दैवशालाने अर्धा ग्लास तसाच खाली ठेवला. "आमचा मेकॅनिक अजून आला न्हाई, साहेब," ती म्हणाली, आणि गाडीला वीस मिनिटं असताना फलाटावर जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी हरिओमने घनसावंगीची गाडी माइकवर चार वेळा पुकारली. तिने एकदाही मान वळवली नाही.

*

मार्चमध्ये, एका शनिवारी, तीच साडेबाराची गाडी घनसावंगीच्या अलीकडे उसाच्या फडाजवळ बंद पडली. कंडक्टर वंदनाताईंचा फोन आला. हरिओमने मागची गाडी थांबवायला सांगितली, आगारातून मेकॅनिक पाठवायला सांगितलं, सगळं नियमाप्रमाणे केलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

"साहेब, समदे बसले मागच्या गाडीत. एक पोरगी बसंना. म्हणती, कंडक्टरपाशीच थांबते. बदनापूरची हाये."

दोनला त्याची ड्यूटी संपली. पाण्याचा कॅन आणि डबा मोटारसायकलला बांधून तो निघाला. ऊन असं, की रस्ता डोळ्यांपुढे हलत होता.

ती गाडीच्या पायरीवर बसली होती. ड्रायव्हर मच्छिंद्रमामा सावलीला आडवे झाले होते.

"क्लास बुडाला ना तुमचा?" हरिओम जवळजवळ ओरडलाच. "का न्हाई बसलात त्या गाडीत?"

"तुम्ही का आलात?"

"मी… पाणी…"

"पाणी आणलंय म्हणं," वंदनाताई कॅन उचलत म्हणाल्या. "पंधरा वर्षं झाली नोकरीला. बंद गाडीपाशी आजवर एक कंट्रोलर आला न्हाई माझ्यासाठी पाणी घेऊन!" आणि त्या मामांना पाणी द्यायला म्हणून गाडीच्या पलीकडे गेल्या, त्या बराच वेळ आल्याच नाहीत.

हरिओमने डबा उघडून भाकरी पुढे केली. घेताना तिची बोटं त्याच्या बोटांना लागली. दोघांनी एकाच वेळी उसाकडे पाहिलं.

"शेवटच्या दिवशी," ती म्हणाली, "सकाळी पाटी लागली, सगळी उड्डाणं रद्द. मालक न्हाई, मॅनेजर न्हाई. समोर दोनशे माणसं, आणि टेबलामागं आम्ही तिघी. एकानं पाण्याची बाटली फेकून मारली. इथं लागली, खांद्याला. आणि मी हसत होते, हरिओम. हसणंही नियमातच होतं. घरी येईपर्यंत तोंड तसंच राह्यलं… आणि मंग दोन महिन्यांनी तुमचं ते पत्र वाचलं."

हरिओमने डबा पायरीवर ठेवला. "ते वाक्य मी… लिहायला नको होतं."

"तोंडी नको. अख्ख्या जिल्ह्यानं वाचलंय ते. मला लेखी पायजे."

ती रागानेच बोलली. पण बोलताना तिने अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली होती.

*

एप्रिलमध्ये सरकारने झुळूकला वाचवलं. पहिल्या पानावर मोठ्ठी बातमी. आधी बँकांचे पैसे फिटले, मग विमानं भाड्याने देणाऱ्यांचे, मग मालक पुन्हा खुर्चीत. जुन्या लोकांना बोलावणं आलं, त्याबरोबर एक कागद. मंगळवारी दैवशालाने तो खिडकीतून आत फेकला.

'मागील पाच महिन्यांच्या वेतनावरील हक्क मी स्वखुशीने सोडत आहे.' खाली एक वर्षाचा करार, नेमणूक हैदराबाद.

"आठ दिवसांत सही करून पाठवायची," ती म्हणाली.

"स्वखुशीने?" हरिओम उभाच राहिला. "मी म्हणलोच होतो! देऊ नका त्या मालकाला म्हणलो होतो!"

"तुम्ही मला घरी बसवा म्हणले होते!"

"मालकाला म्हणलो होतो मी!"

"लिहिलं कोणाचं नाव होतं? लिपस्टिक काय मालक लावत होता?"

फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता.

"घरी खर्चा आहे. बाप म्हणतो जा, आई म्हणते जाऊ नको. तुम्ही सांगा. जाऊ का न्हाई? एवढंच सांगा."

जाऊ नका… एवढे दोनच शब्द. पण आपण कोण सांगणारे? जिल्हाभर तिची शोभा करणारा माणूस, ज्याला साध्या पत्राचं उत्तर जमलं नाही! घनसावंगीची गाडी फलाटाला लागली. हरिओमने सवयीने बंद माइक पुढे ओढला आणि तिच्याकडे न बघता पुटपुटला, "तुमचं… तुम्ही ठरवा."

"बराबर," दैवशाला म्हणाली. "दुसऱ्यांच्या गाड्या कुठं चालल्या, तेवढंच सांगता येतं तुम्हाला."

गुरुवारी ती आली नाही. शनिवारीही नाही. हरिओमने फोन हातात घेऊन तीनदा ठेवला. मग शनिवारी दुपारी, उभ्या उन्हात, अंबडच्या कोर्टात जाऊन एका वकिलाला गाठलं, अर्धा तास प्रश्न विचारले आणि घरी येऊन दार लावून बसला. या वेळी तिसरी ओळ ओलांडली गेली.

'दैवशाला,

तुम्ही विचारलं होतं, तुमच्या जागी मी असतो तर काय मागितलं असतं. मी सरकारचा पैसा मागितला असता. संपात मागितलाच होता. तेव्हा मीही पाच महिने घरी होतो. आईने दोन शेळ्या विकल्या. हा लोकांचा पैसा आहे, तो आपण कसा मागावा, असं तेव्हा एकदाही माझ्या मनात आलं नाही. तुमच्या वेळी आलं, कारण मला मालक दिसत होता, तुम्ही दिसत नव्हता. ते वाक्य नीच होतं. हेच मी आज पेपरलाही लिहून पाठवतोय. छापोत, न छापोत.

मालकाला पैसा देणं चूक, हे मी आजही म्हणेन. पण तुमचे पाच महिने आधी चुकते करायला लावून मग दिला असता, तर मी एक अक्षर बोललो नसतो. सरकारने गाडी वाचवली, मालक वाचवला, आणि कंडक्टरला रस्त्यावर सोडलं. मला झोप लागत नाही इतका राग येतोय.

तुम्ही विचारलंत, जाऊ का. जायचं तर जा. पण ती हक्क सोडण्याची ओळ खोडा, खोडली तिथे सही करा आणि मगच कागद पाठवा. वकील म्हणतात, कंपनीने तुम्हाला घेतलं तर खोडलेल्या कागदावरच घेईल, नाही घेतलं तरी पाच महिन्यांच्या पगारासाठी भांडता येतं. मी बरोबर येईन. हैदराबादला गेलात, तर महिन्यातून दोनदा तिकडे येईन. पूर्ण तिकिटावर.

जाऊ नका, असं मला म्हणायचं होतं. मंगळवारी तेच म्हणायचं होतं. तुम्ही मला आवडता. तुम्ही भांडायला लागलात की मला पुस्तक उघडावंसं वाटत नाही. तुमची हरकत नसेल, तर हे भांडण आयुष्यभर चालवायची माझी तयारी आहे.

— हरिओम'

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधी तो दाराशी होता. खिडकीतल्या दुर्गाबाईंनी पेपरचं पाकीट बाजूला ठेवलं आणि दुसऱ्यावरचा पत्ता चष्म्याखालून वाचला.

"बदनापूर? एवढंसं अंतर! स्पीड पोस्ट कशाला, साहेब? फोन लावा की. जल्दी होईल."

"फोनवर न्हाई!" हरिओम इतक्या जोरात बोलला की मागची रांग दचकली. माइक नव्हता, तरी आवाज खणखणीत निघाला होता. "लेखी मागितलंय तिनं! सहा महिन्यांपासून मागून राह्यली! उद्या पोचलं पायजे. उद्या सहीचा शेवटचा दिवस आहे!"

दुर्गाबाईंनी पुन्हा एकदा पत्ता वाचला. या वेळी फक्त नाव. मग पाकीट तराजूवर ठेवलं, चिकटपट्टी लावली आणि शिक्का उचलून दोनदा दाणकन मारला.

"सकाळच्या थैलीत जाईल. उद्या दुपारच्या आत तिच्या हातात."

तरीही हरिओम तिथून हलला नाही. पाकीट थैलीत पडलं, थैलीचं तोंड बांधलं गेलं, लाल गाडीचं दार लागलं… आणि गाडी जालन्याच्या रस्त्याला लागून दिसेनाशी होईपर्यंत तो पोस्टाच्या पायरीवर, उन्हात, तसाच उभा राहिला.